मूर्तिपूजेचा आरोप आणि शास्त्राधाराचा प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील मतभेदांवर आपल्या वाचकांच्या पत्रांतून जी चर्चा चालू आहे, तिच्यात दोन निरनिराळे आरोप एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की ते आधी वेगळे केल्याशिवाय पुढचे लिहिणे निष्फळ ठरेल, असे मला वाटते. पहिला आरोप असा की, कॅथलिक लोक मरीयेची, संतांची आणि त्यांच्या प्रतिमांची आराधना करतात, म्हणजेच ते मूर्तिपूजक आहेत. दुसरा असा की, स्वर्गवासी संतांना हाक मारून त्यांची मध्यस्थी मागण्याला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधार नाही. मी प्रोटेस्टंट मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढलो, आजही तिचाच सभासद आहे, आणि तरीही माझे स्पष्ट मत आहे की पहिला आरोप कॅथलिक शिकवणुकीला लागू पडत नाही, म्हणून आपण तो मागे घ्यायला हवा. दुसरा आरोप मात्र खराखुरा प्रश्न आहे. तो शेवटी शास्त्राच्या अधिकाराच्या प्रश्नाला जाऊन भिडतो आणि तिथे दोन्ही बाजूंना अवघड उत्तरे द्यावी लागतात.

देवाला अर्पण करायची आराधना आणि देवाच्या माणसांना द्यायचा सन्मान यांतला भेद कॅथलिकांनी सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट वेगळे झाल्यावर, स्वतःच्या बचावासाठी शोधून काढला, अशी आपल्याकडच्या पुष्कळांची समजूत आहे. ती इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाला, तेव्हा तिथल्या मंडळीने या घटनेचा वृत्तांत इतर मंडळ्यांना पत्राने कळवला. त्या पत्रात असा आशय आहे की, ख्रिस्त देवाचा पुत्र असल्यामुळे आम्ही त्याची आराधना करतो, आणि हुतात्मे प्रभूचे शिष्य व अनुयायी असल्यामुळे त्यांच्यावर आम्ही योग्य ते प्रेम करतो. त्याच पत्रात पॉलिकार्पच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून गोळा केल्याचा आणि त्याच्या हौतात्म्याचा दिवस दर वर्षी पाळण्याच्या संकल्पाचा उल्लेख आहे. म्हणजे अस्थींविषयीचा आदर आणि आराधना फक्त ख्रिस्ताची, असा खुलासा या दोन्ही गोष्टी इतक्या जुन्या काळी एकाच कागदावर आढळतात. खुलासा करावा लागला, याचाच अर्थ असा की गैरसमजाची भीती तेव्हाही होती.

चौथ्या शतकात सलामिसचा बिशप एपिफानियस याने मरीयेच्या नावाने भाकरी अर्पण करणाऱ्या एका पंथाची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. मरीयेला मान द्यावा, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच व्हावी, असा त्याचा निर्वाळा होता. त्यानंतर थोड्याच काळाने फाउस्टस नावाच्या, मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथातल्या उपदेशकाने ख्रिस्ती लोकांवर आरोप केला की, तुम्ही जुन्या मूर्ती टाकून त्यांच्या जागी हुतात्मे बसवले आहेत. आज आपण जे म्हणतो ते जवळपास शब्दशः हेच आहे. संत ऑगस्टीनने त्याला दिलेले उत्तर असे की, हुतात्म्यांच्या स्मरणार्थ वेद्या उभारल्या तरी कोणतीही वेदी हुतात्म्याला वाहिलेली नसते, ती हुतात्म्यांच्या देवाला वाहिलेली असते. ल्यूथर आणि कॅल्व्हिन या दोन्ही प्रमुख प्रोटेस्टंट सुधारकांनी ज्याला आपला गुरू मानले त्या ऑगस्टीनचे हे उत्तर आहे, ही गोष्ट प्रोटेस्टंट वाचकांनी नजरेआड करू नये.

इ. स. ७८७ मधील निकियाच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, हाच भेद नियमात बांधला. खरी आराधना केवळ देवाची, आणि प्रतिमेला दिलेला मान तिच्यात दर्शविलेल्या व्यक्तीकडे जातो, असे तिने ठरवले. पुढे ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५६३ च्या डिसेंबरमध्ये, आपल्या अखेरच्या बैठकीत, प्रोटेस्टंट टीका पूर्णपणे समोर ठेवून याच विषयावर निर्णय दिला. त्या निर्णयाप्रमाणे प्रतिमांमध्ये काही देवत्व किंवा सामर्थ्य आहे असे मानायचे नाही, त्यांच्याकडे काही मागायचे नाही आणि त्यांच्यावर भरवसाही ठेवायचा नाही. संतांविषयी तोच निर्णय म्हणतो की, आपला एकमेव तारणारा जो येशू ख्रिस्त त्याच्याद्वारे देवाकडून वरदाने मिळावीत म्हणून संतांच्या प्रार्थनांचे साहाय्य मागणे चांगले आणि उपयुक्त आहे. प्रत्येक श्रद्धावंताने ते केलेच पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. मात्र असे मागणे म्हणजे मूर्तिपूजा होय, असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केलेला आहे. एखाद्या समाजाने आपल्या सर्वोच्च परिषदेत जे निषिद्ध ठरवले, तेच त्याची श्रद्धा आहे असे त्याच्यावर लादणे न्यायाला धरून नाही.

यावर आपल्या बाजूचे उत्तर ठरलेले असते: हा भेद पुस्तकातला आहे, माणसांच्या मनात तो टिकत नाही. कॅल्व्हिनचा मुख्य मुद्दा हाच होता. विद्वानांनी आराधना आणि सन्मान यांची कितीही सूक्ष्म वर्गवारी केली, तरी प्रतिमेपुढे गुडघे टेकून आर्जव करणाऱ्याच्या अंतःकरणात ती वर्गवारी उरत नाही, असे तो सांगतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि ट्रेंटच्या परिषदेलाही तो पूर्णपणे फेटाळता आला नाही. संतांच्या मध्यस्थीच्या, अवशेषांच्या आणि प्रतिमांच्या बाबतीत अंधश्रद्धा काढून टाकावी, पैशाचा गलिच्छ लोभ बंद करावा, असा आदेश तिने त्याच निर्णयात बिशपांना दिला. नसलेल्या गोष्टीवर बंदी घालण्याची वेळ कोणत्याही परिषदेवर येत नाही.

परंतु व्यवहारातल्या विपर्यासावरून शिकवणच खोटी ठरते का, या प्रश्नावर शास्त्रातलाच एक प्रसंग फार उपयोगी पडतो. आपल्या चर्चेत त्याचा उल्लेख दोन्ही बाजूंनी अर्धाच होत आला आहे. गणना पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात देवाच्या आज्ञेवरून मोशे पितळी सर्प घडवतो, तो खांबावर टांगतो, आणि सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे दृष्टी लावून वाचतात. कॅथलिक लेखक हा अध्याय पुढे करतात आणि सोबत कराराच्या कोशावरील सोन्याच्या करूबांचाही (पंख असलेल्या देवदूतांचाही) दाखला देतात. प्रोटेस्टंट लेखक राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा १८ वा अध्याय काढतात, ज्यात हिज्कीया राजा तोच सर्प फोडून टाकतो, कारण इस्राएल लोक त्याला धूप जाळू लागले होते. वस्तू एकच आहे. ती घडवणारा देवाचा सेवक आहे आणि ती फोडणाराही देवाला प्रिय असलेला राजा आहे. हिज्कीयाने सर्प फोडला म्हणून मोशे दोषी ठरत नाही, आणि मोशेने तो घडवला म्हणून हिज्कीया पाखंडी ठरत नाही. उलट प्रभू येशूने योहानाच्या तिसऱ्या अध्यायात मोशेच्या त्याच सर्पाची उपमा स्वतःच्या वधस्तंभाला दिली आहे. सोळाव्या शतकातला प्रतिमांचा वाद मूळ मुद्द्यापर्यंत सोलत गेले तर असा उरतो, की हिज्कीयाची वेळ आली आहे की नाही. हा प्रश्न विशिष्ट स्थळी, विशिष्ट काळी चाललेल्या व्यवहाराबद्दलचा आहे आणि त्याचे उत्तरही स्थळकाळ पाहूनच द्यावे लागेल. त्यावरून एका संपूर्ण ख्रिस्तसभेवर मूर्तिपूजेचा शिक्का मारता येत नाही.

स्वतः सुधारकांनाही या प्रश्नाचे एकच उत्तर सापडले नव्हते. १५२२ च्या आरंभी ल्यूथरचा सहकारी कार्लश्टाट याने विटेनबर्गमध्ये प्रतिमा हटवण्याचा आग्रह धरला, तेव्हा ल्यूथर वार्टबुर्गचा अज्ञातवास सोडून मार्चमध्ये परतला आणि सलग प्रवचने देऊन त्याने तो दांडगावा थांबवला. प्रतिमा ठेवणे सक्तीचे नाही आणि फोडणेही सक्तीचे नाही, अंतःकरणातली मूर्ती देवाच्या वचनाने गेली की बाहेरची आपोआप निरुपद्रवी होते, अशी त्याची भूमिका होती. झुरिकमध्ये तिथला सुधारक झ्विंग्ली याच्या प्रभावाखाली १५२४ मध्ये चर्चमधील प्रतिमा हटवल्या गेल्या, आणि १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमागून चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या. याउलट न्यूरेंबर्गच्या ल्यूथरपंथी सेंट लॉरेन्झ चर्चमध्ये फाइट श्टॉसने घडवलेले मरीयेला देवदूताचे अभिवादन हे भव्य काष्ठशिल्प आजही टांगलेले आहे. म्हणजे प्रोटेस्टंट म्हटले की प्रतिमाभंजक, हे समीकरणही सरसकट खरे नाही. ऑगस्टीनच्या मोजणीप्रमाणे चालणारे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी प्रतिमांविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरतात, तर कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्या तिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात. कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली, असा जो आरोप एका पत्रात पुन्हा आला आहे, तो खरा असेल तर ल्यूथरनेही ती गाळली असे म्हणावे लागेल.

आता दुसऱ्या आरोपाकडे वळतो, कारण खरा वाद इथे आहे.

१५३० मध्ये ल्यूथरपंथीयांनी सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे ऑग्सबर्गचे जे विश्वासकथन मांडले, त्याच्या २१ व्या कलमात संतांविषयीची भूमिका विलक्षण संयमाने दिली आहे. संतांचे स्मरण करावे, त्यांना मिळालेली कृपा पाहून आपला विश्वास बळकट करावा, त्यांच्या सत्कर्मांचा कित्ता गिरवावा, असे ते कलम सांगते. मात्र त्यांना हाक मारावी किंवा त्यांच्याकडे साहाय्य मागावे असे शास्त्रावरून सिद्ध करता येत नाही, असेही ते म्हणते. आपण प्रोटेस्टंट मरीयेचा आणि संतांचा अवमान करतो, असे मानणाऱ्या कॅथलिक वाचकांनी हे कलम जरूर वाचावे आणि ल्यूथरने १५२१ मध्ये मरीयेने गायिलेल्या स्तोत्रावर लिहिलेले भाष्यही वाचावे. त्यात मरीयेबद्दल जितका प्रेमादर आहे, तितकीच तिला देवाच्या जागी न बसवण्याची काळजीही आहे. इफिसच्या परिषदेने इ. स. ४३१ मध्ये तिला दिलेले देवमाता हे पद ल्यूथरला आणि झ्विंग्लीलाही मान्य होते. तेव्हा मूर्तिपूजेचा आरोप जसा आपण मागे घ्यावा, तसा अवमानाचा आरोप त्यांनीही मागे घ्यावा.

उरतो तो शास्त्राधार. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील पाचवे वचन, देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, हे आपण नेहमी उद्धृत करतो. कॅथलिक उत्तर देतात की, त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौल सर्व माणसांसाठी विनवण्या आणि मध्यस्थीच्या प्रार्थना करायला सांगतो. म्हणजे एकमेकांसाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपद उणे होत नाही. इथपर्यंत ते बरोबर आहेत, कारण आपणही आजारी बंधूसाठी मंडळीला प्रार्थनेची विनंती करतोच. पण जिवंत बंधूला विनंती करणे आणि देहाने निघून गेलेल्याला हाक मारणे यांत अंतर आहे, आणि शास्त्रात त्या दुसऱ्या गोष्टीची आज्ञा, उदाहरण किंवा अभिवचन आढळत नाही. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थनांनी भरलेल्या धुपाच्या वाट्या कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, धरतात, इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात साक्षीदारांचा मोठा मेघ आपल्याभोवती आहे असे म्हटले आहे, आणि देव मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा आहे हे प्रभूचे शब्द मार्काच्या बाराव्या अध्यायात आहेत. कॅथलिक या तिन्ही वचनांचा आधार घेतात. स्वर्गातील मंडळी आणि पृथ्वीवरील मंडळी यांच्यातला बंध मृत्यूने तुटत नाही, हे त्यांवरून नक्कीच निघते. आपण त्या मंडळीला उद्देशून बोलावे, हे मात्र निघत नाही. दुसरीकडे, कर्नेल्य हा रोमी शताधिपती पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवले, आणि योहान देवदूताच्या पाया पडू लागला तेव्हा देवदूताने त्याला देवाला नमन करायला सांगितले, हे प्रसंग ज्याच्यापुढे वाकायचे त्याच्याच तोंडून सावधगिरी शिकवतात.

ऑग्सबर्गच्या विश्वासकथनाच्या समर्थनार्थ ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याने १५३१ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात एक कबुली आहे. देवदूत आपल्यासाठी प्रार्थना करतात आणि स्वर्गातील संतही सर्वसाधारणपणे मंडळीसाठी प्रार्थना करतात, असे तो मान्य करतो, आणि तरीही त्यावरून त्यांना हाक मारावी हे निष्पन्न होत नाही असे बजावतो. शिवाय तो नमूद करतो की, मृत संतांच्या प्रार्थनेला शास्त्रात एकच साक्ष आहे, ती म्हणजे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील १५ व्या अध्यायातले स्वप्न, ज्यात यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांसाठी पुष्कळ प्रार्थना करताना दिसतो. कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे. आपल्या बायबलमध्ये नाही. संतांच्या सन्मानाचा वाद इथे नकळत शास्त्राच्या सीमारेषेचा वाद होऊन जातो, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेचे मर्म याच ठिकाणी आहे, कारण शास्त्र काय म्हणते हे विचारण्यापूर्वी शास्त्र कोणते आणि ते कोणी ठरवले, हे विचारावे लागते.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. फरकाची सात पुस्तके म्हणजे तोबीत, यहूदीत, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचे ज्ञान, सिराक आणि बारूख. यांशिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांचे काही भाग. ही पुस्तके ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये नव्याने घुसडली, असे आपण पुष्कळदा म्हणतो. ते चूक आहे, कारण उत्तर आफ्रिकेतील हिप्पो आणि कार्थेज येथील धर्मसभांनी अनुक्रमे ३९३ आणि ३९७ मध्ये, आणि फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये त्यांचा समावेश केला होता. ल्यूथरने ती बायबलमधून फेकून दिली, हा कॅथलिक आरोपही तितकाच चुकीचा आहे. त्याने १५३४ च्या आपल्या बायबलमध्ये ती दोन करारांच्या मध्ये, शास्त्राच्या तोडीची नसली तरी वाचण्यास चांगली आणि उपयुक्त, अशा शेऱ्यासह छापली. इब्री बायबलमध्ये नसलेल्या या पुस्तकांवरून सिद्धांत ठरवू नयेत, हे मत त्याच्यापूर्वी अकराशे वर्षे आधी बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या खुद्द जेरोमने मांडले होते. दोन्ही बाजूंना प्राचीन आधार आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

आपल्या बाजूला इथे जी अडचण आहे, ती आपण टाळतो. नव्या करारातील २७ पुस्तकांची जशीच्या तशी यादी आपल्याला प्रथम आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ मधील पत्रात मिळते. ज्या चौथ्या शतकातील मंडळीकडून आपण ही यादी घेतली, तीच मंडळी हुतात्म्यांच्या कबरींवर जमत होती आणि त्यांची मध्यस्थी मागत होती. मंडळीने पुस्तकांना अधिकार दिला नाही, त्यांच्यात मुळात असलेला अधिकार ओळखला, आणि पवित्र आत्मा वाचणाऱ्याच्या अंतःकरणात त्याची साक्ष देतो, हे आपले उत्तर आहे. कॅल्व्हिनने ते प्रभावीपणे मांडले आहे आणि मला ते तत्त्वतः पटते. परंतु यादीच्या कडेवरील एखाद्या पुस्तकाबाबत, उदाहरणार्थ यहूदाच्या लहानशा पत्राबाबत, मला ही अंतःसाक्ष मिळाली म्हणून मी ते स्वीकारले, असे प्रामाणिकपणे म्हणणारे आपल्यात किती निघतील? बहुतेकांनी ते मंडळीवर विश्वास ठेवूनच स्वीकारले आहे. हे मान्य केल्याने धर्मसुधारणा कोसळत नाही. मात्र परंपरा म्हणजे केवळ माणसांनी घातलेली भर, असे आपण सहज बोलून जातो, ते बोलणे थांबले पाहिजे.

केवळ शास्त्र हे तत्त्वही आपल्यातलेच बरेच जण अतिशय सैल करून मांडतात. ल्यूथर, मेलांख्थॉन आणि कॅल्व्हिन यांच्या लेखनात प्राचीन आचार्यांची वचने पानोपानी आहेत. जुने विश्वासाचे अंगीकार त्यांनी मनापासून स्वीकारले. परिषद चुकू शकते आणि ती चुकते तेव्हा तिला शास्त्राच्या कसोटीवर तपासता आले पाहिजे, एवढाच त्यांचा दावा होता. १५१९ च्या लाइपझिगच्या वादात कॅथलिक पंडित योहान एक याने ल्यूथरला याच मुद्द्यावर कोंडीत पकडले, आणि १५२१ मध्ये वर्म्स येथील सम्राटाच्या सभेत ल्यूथरने तो सर्वांसमक्ष पुन्हा मांडला. हा दावा पोकळ नाही, हे प्रतिमांच्या इतिहासावरूनच दिसते. इ. स. ७५४ मध्ये हिएरिया येथे ३३८ बिशपांच्या परिषदेने स्वतःला सार्वत्रिक म्हणवून प्रतिमांचा निषेध केला. ३३ वर्षांनी निकियाच्या परिषदेने तोच निषेध रद्द केला. दोन्हींकडे बिशप होते, दोन्हींकडे सम्राटाचे पाठबळ होते. हिएरियाला रोमचा बिशप (म्हणजे पोप) किंवा पूर्वेकडचे पुरातन धर्माध्यक्ष यांचे प्रतिनिधी नव्हते आणि समग्र मंडळीने तिचा स्वीकार केला नाही, हे कॅथलिक उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. तरीही कोणती परिषद खरी हे ठरवण्यासाठी परिषदेच्या पलीकडचा मापदंड लागतो, हे त्यातून निघतेच.

त्याबरोबर आपल्या मापदंडाचे काय झाले तेही पाहावे. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघांच्या हातांत तेच शास्त्र होते, दोघेही त्याला सर्वोच्च मानत होते, १५ पैकी १४ मुद्द्यांवर त्यांचे एकमतही झाले, आणि ‘हे माझे शरीर आहे’ या शेवटच्या भोजनातील प्रभूच्या शब्दांच्या अर्थावरून ते कायमचे दुरावले. शास्त्र स्पष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी या दुराव्याची वेदना मनावर घ्यायला हवी. प्रत्येक जण स्वतःचा पोप होतो, हा कॅथलिकांचा आरोप अतिरेकी असला तरी त्यामागची चिंता खरी आहे.

कॅथलिक वाचकांना माझा प्रश्न याहून वेगळा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये देवाच्या प्रकटीकरणावर जो दस्तऐवज स्वीकारला, त्यात शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात असे म्हटले आहे, आणि शिकवण देणारा अधिकार देवाच्या वचनाहून वरचढ नसून त्याचा सेवक आहे, असेही निःसंदिग्ध लिहिले आहे. हे वाक्य मला मनापासून आवडते. मरीयेच्या बाबतीतही त्याच परिषदेने मोठा संयम दाखवला. तिच्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजातच तिच्याविषयी लिहावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले आणि १११४ विरुद्ध १०७४ अशा निसटत्या फरकाने दुसरा पर्याय निवडला गेला. त्यातून आलेल्या प्रकरणात ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ असल्याचे वचन उद्धृत केले आहे, आणि उपदेशकांना मरीयेविषयी बोलताना अतिशयोक्ती आणि मनाचा कोतेपणा दोन्ही टाळायला सांगितले आहे. पुढे १९७४ मध्ये सहाव्या पोप पॉल यांनी मरीयेच्या भक्तीवरील पत्रात, इतर ख्रिस्ती बांधवांचा गैरसमज होईल अशी अतिशयोक्ती टाळण्याची सूचना केली.

पण सेवक धन्याच्या वचनापलीकडे किती जाऊ शकतो? मरीया गर्भधारणेच्या क्षणापासून मूळ पापापासून मुक्त होती, हा सिद्धांत १८५४ मध्ये आणि ती देहासह स्वर्गात घेतली गेली, हा सिद्धांत १९५० मध्ये पोपनी घोषित केला, आणि दोन्ही सर्व कॅथलिकांवर बंधनकारक झाले. पहिल्याबाबत तेराव्या शतकातला थोर कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस याचेच मत प्रतिकूल होते. दोन्ही वेळा पोपनी आधी जगभरच्या बिशपांना लिहून त्यांचे मत मागवले होते, तेव्हा हा एकट्या माणसाचा लहरी निर्णय होता असे म्हणता येत नाही. या श्रद्धा बाळगणाऱ्या कोणाही कॅथलिक बंधुभगिनीला मी दुखवू इच्छित नाही. त्या बाळगण्याची मोकळीक असावी, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बंधनाला. शास्त्रात ज्या घटनेचा उल्लेखही नाही, ती न मानणाऱ्याने ख्रिस्ती विश्वास सोडला असे कसे ठरते? अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्या संयुक्त आयोगाने मरीयेवरील निवेदन २००५ मध्ये प्रसिद्ध केले. हे दोन सिद्धांत शास्त्राच्या शिकवणीशी सुसंगत रीतीने समजून घेता येतात, इथपर्यंत ते आयोगाचे सदस्य एकत्र आले. पण ते देवाने प्रकट केलेले म्हणून मानलेच पाहिजेत का, हा अँग्लिकनांचा प्रश्न तिथेही उभाच राहिला.

म्हणून आपल्यामार्फत माझी दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांना विनंती आहे की, मूर्तिपूजा आणि अवमान या शब्दांवर यापुढे जागा खर्च करू नये. कॅथलिक लेखकांनी १९५० च्या सिद्धांताच्या बंधनकारकतेचे समर्थन शास्त्र आणि प्राचीन आचार्य यांच्या आधारे करून दाखवावे. आणि आपल्यापैकी जे लिहितील त्यांनी, ६६ पुस्तकांची यादी मंडळीच्या परंपरेवर विसंबल्याशिवाय आपल्या हाती कशी आली, याचे उत्तर द्यावे.

कळावे, लोभ असावा.
आपला नम्र,
एक वाचक